तपासणाऱ्याची तपासणी

संगणक दुरुस्त करणारा प्रोग्रामच उघडताना रखडू लागला, की जुना दार्शनिक प्रश्न उभा राहतो: तपासणाऱ्याला तपासायचे कोणी? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हेच विचारले होते. वस्तू प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होतात, तर प्रमाणे कशाने? दुसऱ्या प्रमाणाने म्हणावे, तर त्याला तिसरे लागते. हा अनवस्था दोष. मीमांसकांनी ज्ञानाला स्वतःप्रमाण मानून ही साखळी तोडली. न्यायसूत्रांचे उत्तर अधिक व्यवहारी: तराजूने सोने तोलतात, आणि शंका आली तर खात्रीच्या सोन्याने तराजूही पारखतात.

विंडोजचा सेफ मोड याच कामाचा. त्यात मोजकेच ड्रायव्हर आणि सेवा सुरू होतात. तिथे प्रोग्राम झटकन उघडला, तर दोष बहुधा त्याचा नसून सोबत चालणाऱ्या कशाचा तरी असतो. पुष्कळदा अँटिव्हायरसच त्याची एकेक फाइल चाळत बसलेला असतो. मग एकेक सेवा बंद करून पाहायची. ती असली की संथपणा आहे, नसली की नाही: शास्त्रातला अन्वय-व्यतिरेक तो हाच. सेफ मोडमध्येही रखडला, तर हार्ड डिस्कवर संशय घ्यावा. खराब सेक्टर पुन्हापुन्हा वाचण्यात तिचा वेळ जातो. अशा वेळी आधी डेटाची प्रत काढलेली बरी.

नागार्जुनाचा आक्षेप मात्र पुरता मिटत नाही, कारण सेफ मोडही त्याच डिस्कवरून सुरू होतो. म्हणून पेनड्राइव्हवरून संगणक चालू करतात. तिथेही मेमरी आणि प्रोसेसर तेच राहतात. पण त्यांच्याविषयी शंकेला कारण मिळेपर्यंत नैयायिक त्यांच्यावर विसंबून काम पुढे नेतो.