ओळख : कोणाची ठेव?

माहितीपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धरणे, दुष्काळ वा थोरांची चरित्रे उभी राहतात. परंतु माहितीपटांची एक आडवाट अशीही आहे की, जिथे कॅमेरा घराचा उंबरठा ओलांडून ‘हा माणूस कोण?’ एवढेच विचारतो. अशा चित्रपटांना प्रेक्षक मोजकेच लाभतात. तरीही ते आपल्याला धरून ठेवतात. असे का व्हावे?

अमेरिकन दिग्दर्शक ॲलन बर्लिनर यांनी १९९६ साली ‘नोबडीज बिझनेस’ हा तासाभराचा चित्रपट आपले वडील ऑस्कर यांच्यावर केला. मुलगा वंशावळी व पूर्वजांची छायाचित्रे पुढे करतो. वडील ती झिडकारतात. आपण सामान्य माणूस, आपल्याविषयी सांगण्याजोगे काही नाही, हा त्यांचा हेका. त्या वादात मधूनमधून मुष्टियुद्धाची जुनी दृश्ये येतात. नवल असे की, त्या नकारातूनच ऑस्कर आपल्या ओळखीचे होतात.

मग प्रश्न उभा राहतो : नको म्हणणाऱ्याचे आयुष्य, पोटच्या मुलाने का होईना, चारचौघांत मांडावे काय? बर्लिनर यांच्याच २०१२ सालच्या ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’मध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो. त्यातील एडविन होनिग हे कवी, लोर्का व पेसोआ यांचे अनुवादक आणि बर्लिनर यांच्या आईच्या नात्यातले. अल्झायमरने त्यांची स्मृती पुसत चालली आहे. समोर कोण बसले आहे हेही ज्याला उमगेना, त्याची संमती घ्यायची कशी?

आम्हांस वाटते, माणसाची ओळख सर्वस्वी त्याच्या एकट्यापाशी नसते. तिचा काही अंश आप्तांकडे ठेव म्हणून असतो. होनिग स्वतःला विसरले, तरी इतरांना ते आठवतात. आणि त्या आठवणी सगळ्याच गोड नाहीत. मात्र ठेव सांभाळणारा मालक नव्हे. ती त्याने सजवू नये, विकू नये, तिच्यातले नकोसे गाळू नये. ऑस्कर यांचा नकार त्यांच्या मुलाने कापून टाकला नाही. उलट, चित्रपटाच्या नावातच ‘यात कोणी नाक खुपसू नये’ हे वडिलांचे म्हणणे राखले. दाखविण्याचा अधिकार असलाच, तर तो एवढ्या इमानापुरता.

आपल्याही घरी ‘माझे मेलीचे काय सांगायचे!’ म्हणणारी एखादी वृद्धा असते. हे चित्रपट पाहताना आपण परक्याच्या घरात डोकावत नाही. तिच्या त्या वाक्यापाशी थांबून, तिची कोणती ठेव आपल्यापाशी आहे, हे स्वतःला विचारू लागतो.