पायरी

आजीने कित्येक वर्षे आषाढीची पायी वारी केली. वाटेत कोणीही वारकरी भेटला, अगदी नातवाच्या वयाचा असला, तरी ती वाकून त्याच्या पायाला हात लावायची आणि ‘माउली’ म्हणायची. त्याच आजीच्या घरी गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेला एक कप उपडा असे. अंगण झाडायला येणाऱ्या बाईंचा. आजी त्यात वरून चहा ओतायची. बाईंनी तो पिऊन, कप विसळून पुन्हा वळचणीला ठेवायचा. लहानपणी मला यात काही खटकले नाही. आता खुपते.

आजीला ढोंगी म्हणून हा विषय मिटत नाही. तिची विठ्ठलावरची माया खरी होती. देवापुढे झुकणारे खरे मनही माणसापुढे न्यायाधीश होऊन बसते, याचीच मला भीती वाटते.

पंढरपुरात देवाच्या पायांवर थेट डोके टेकता येते. तरी 1947 पर्यंत अस्पृश्य ठरवलेल्या भक्ताला मंदिरात पाऊल टाकता येत नव्हते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून अस्पृश्य ठरवलेले संत चोखोबा गेले, ते 1338 साली. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, मंदिराबाहेरच आहे. जवळच नामदेव पायरी. संतांची पायधूळ लागावी म्हणून संत नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असे वारकरी मानतात. आणि आपण मात्र दुसऱ्याला सांगत आलो, ‘पायरी ओळखून राहा!’ पायरी व्हायचे की पायरी दाखवायची, इथेच श्रद्धेची वाट फुटते.

नाशिकला काळाराम मंदिरातल्या प्रवेशासाठी 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. 1935 साली येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. देवाचे रक्षण करतो म्हणणाऱ्यांनी लाखो माणसे गमावली, आणि त्याचा दोष जाणाऱ्यांवर टाकता येणार नाही.

विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्र पालथा घातला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. गुरुजी हाडाचे श्रद्धावान होते. विठ्ठल सर्वांचा आहे, या श्रद्धेपोटीच त्यांनी अन्न सोडले. 10 मे रोजी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, उपोषण सुटले. देव बाटू नये म्हणून काही सनातन्यांनी मूर्तीतले तेज मंत्रांनी घागरीतल्या पाण्यात काढून ठेवले, असे सांगतात. ज्यांना आपला देव माणसाच्या स्पर्शाने विझेल असे वाटले, त्यांची श्रद्धा किती भित्री असली पाहिजे! गुरुजींचा विठ्ठल भिणारा नव्हता.

‘सहिष्णुता’ हा शब्द मला अपुरा वाटतो. त्यात सहन करणे आहे, म्हणजे समोरचा नकोसा आहे हे धरूनच चालणे आहे. दुसऱ्याचा उपास, नमाज, प्रार्थना किंवा देव न मानणे, यातले काहीही मला ‘सहन’ करावे लागत नाही. माझी श्रद्धा माझ्या आणि माझ्या देवाच्या मधली. दुसऱ्याचा हिशेब ठेवायला मला कोणी नेमलेले नाही. कोणाच्या श्रद्धेआड अन्याय होत असेल तर बोललेच पाहिजे, गुरुजी बोलले तसे. पण तेही आधी आपल्याच माणसांशी, आणि झळ स्वतः सोसून.

दिवाळी सरली की कार्तिकी येईल. पंढरपूरला जाणार असाल, तर दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी चोखोबांच्या समाधीपाशी घटकाभर थांबा. आणि घरी परतल्यावर, तुमच्याही वळचणीला असा एखादा कप उपडा असेल, तर तो आत आणा.