आधी म्हणणं ऐका, आडनाव मागाहून विचारा

घोडेगावात तहसील कचेरी आहे, कोर्ट आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. दाखल्यासाठी, तारखेसाठी, हिरडा घालायला डोंगराकडची माणसं खाली उतरतात आणि चहाच्या टपरीवर झेडपीपासून शिवकाळापर्यंत सगळ्यावर बोलणं होतं. बोलायला आपण कधीच कमी पडलो नाही. पण कुणी वेगळा मुद्दा काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हा कुणाचा?" आडनाव, गाव आणि पार्टी कळली की त्याचं म्हणणं ऐकायची कुणाला गरज वाटत नाही. ही खोड आता मोडायला हवी.

जांभोरीच्या होन्या केंगल्याचंच घ्या. 1873 च्या सुमारास या महादेव कोळी तरुणाने माणसं जमवली आणि पुणे-नगरच्या पश्चिम पट्ट्यातल्या सावकारांवर धाडी घातल्या. सावकारांची नाकं कापली गेली. 1876 मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडलं. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये तो टोळीवाला आहे, तर आदिवासी घरांत आद्य क्रांतिकारक. आपल्याकडे हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात, आणि कोण कुठल्या तटात बसणार हे जातीवरून आधीच सांगता येतं.

खरे प्रश्न मात्र तसेच राहतात. गहाण पडलेली जमीन कुळाच्या हातून कशी गेली? अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा कशावर घेतला जात होता? कोर्टाचे हुकूमनामे कुणाच्या बाजूने निघत होते? होन्या मोकळा फिरत होता त्याच काळात, 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं पेटवली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये कर्जदार शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. म्हणजे गाऱ्हाणं खरं होतं, हे खुद्द सरकारनेच मान्य केलं. मग पुढचा, त्याहून अवघड प्रश्न येतो. गाऱ्हाणं खरं असलं म्हणून नाक कापणं न्याय्य ठरतं का? कायदाच धनकोच्या हातात असेल तर कर्जदाराने दाद मागायची कुठे? सूड कुठे संपतो आणि न्याय कुठे सुरू होतो? तत्त्वज्ञान याहून वेगळं काय असतं? इतिहास, राजकारण आणि नीती या एका माणसाच्या गोष्टीत एकत्र आली आहेत. त्यावर केंगले आडनावाच्या पोराने सावकाराच्या पणतवाशी बसून बोलावं. दोघांनीही मन मोकळं ठेवून बोलावं.

असं बोलणं जमतं, याचा दाखला शेजारीच शिवनेरीवर आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1549 च्या वैशाखातला, असं बखरींच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली पुढे आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद होती. वाद वर्षानुवर्षं चालला, 'शिवभारत' ग्रंथातही तीच तिथी मिळाली आणि शेवटी 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख बहुतेकांनी मान्य केली. एवढ्या जिव्हाळ्याच्या विषयात लोकांनी कागद पाहून मत बदललं. महाराजांचा मान त्याने तसूभरही कमी झाला नाही.

प्रश्न विचारण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती संवादाच्या रूपात. धोंडिबा प्रश्न विचारतो, शंका काढतो आणि जोतीराव उत्तर देतात. त्यांच्या सत्यशोधक समाजाचा तो प्रश्न विचारण्याचा धीर आपल्या भागात ओतूरपर्यंत पोचला होता. तिथल्या बाळाजी कुशाजी पाटलांनी भटजीविना लग्न लावलं, दक्षिणेचा दावा त्यांच्यावर झाला आणि तो त्यांनी उच्च न्यायालयापर्यंत लढवला. मुद्दा त्यांनी उघडपणे, कोर्टासमोर मांडला. आज त्यांच्याच मुलखात, "डिंभ्याचं पाणी आधी कुणाला?" एवढं विचारलं तरी विचारणाऱ्याची पार्टी शोधली जाते. डिंभे धरणात जुनं आंबेगाव बुडालं, त्या बुडितातल्या माणसांनी तरी हा प्रश्न कुठे विचारायचा?

तरुण म्हणतात, बोलून काय होणार, निर्णय वरच होतात. ते मला मान्य नाही. पेसा कायद्याने 1996 पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. ते वापरायला आधी एकमेकांशी वाद घालता आला पाहिजे, आणि समोरच्याचं पटलं तर सर्वांसमोर "पटलं" म्हणता आलं पाहिजे. मत बदललेल्या माणसाला फितूर म्हणणं आपण सोडलं पाहिजे. बायकांचा नंबर शेवटी येतो आणि तोवर सभा उठते, हेही थांबवलं पाहिजे.

येत्या 26 जानेवारीला ग्रामसभा संपली की लगेच घरी जाऊ नका. तासभर शाळेच्या व्हरांड्यात बसा. विषय होन्याचा घ्या, नाहीतर डिंभ्याच्या पाण्याचा. जो दावा करेल त्याने आधार सांगावा. पहिलं बोलणं पश्चिम पट्ट्यातून आलेल्या एखाद्या मुलीचं असू द्या, आणि तिचं बोलून होईपर्यंत ती कुणाची, हे कुणीही विचारू नका.