मडके कोणी धरावे?

बसवकल्याण तालुक्यातील आमच्या गावी ओढ्याच्या अलीकडे मराठ्यांचे स्मशान आहे व पलीकडे लिंगायतांची दफनभूमी. अलीकडे तिरडीपुढे विस्तवाचे मडके चालते आणि दहाव्यास कावळा पिंडाला शिवेपर्यंत मंडळी उन्हात तिष्ठत बसतात. पलीकडे मृतास विभूती लावून, तळहाती इष्टलिंग देऊन, बसल्या स्थितीत मातीच्या स्वाधीन करतात. शरणांच्या शिकवणीप्रमाणे तेथे सुतक नाही, पिंड नाही. अर्थात कावळ्याची मनधरणीही नाही.

चार वर्षांपूर्वी माझे चुलते वारले. मुलगा नाही, एकच मुलगी. अखेरची दोन वर्षे तिनेच त्यांना भरविले, न्हाऊ घातले. मडके घ्यावयास ती पुढे झाली, तेव्हा भावकीतील वडीलधारे म्हणाले, “बाई, कुळीचा पिंड कुळीतल्यानेच द्यावा.” मडके माझ्या हाती आले. मी ते घेतले.

घेताना मला शास्त्र ठाऊक नव्हते असे नाही. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) राजवटीत याच कल्याणात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. ‘सपिंड’ शब्दातील पिंड म्हणजे भाताचा गोळा नव्हे, देह होय. एका देहाचे अंश ज्यांच्यात आले ते सपिंड, असा त्याचा निर्वाळा आहे. मग बापाला मुलीहून जवळचे कोण? बंगालच्या जीमूतवाहनाने मात्र वारसा पिंडदानाच्या पुण्याशी जोडला. आमच्या भावकीने त्या सकाळी कल्याणचा पंडित सोडून बंगालचा जवळ केला म्हणावयाचा! आणि विज्ञानेश्वरानंतर काही दशकांनी, बिज्जलाच्या काळी, त्याच नगरीत बसवेश्वरादी शरणांनी पिंडाचा व्यवहारच बाजूस सारला. इतकेच कशाला, पुत्राच्या अभावी अंत्यक्रियेचे अधिकारी सांगताना धर्मशास्त्राचे निबंधकारही पत्नीमागोमाग कन्येचे नाव घेतात.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस केले. त्या कायद्याच्या व्याख्येत वीरशैव व लिंगायत नावानिशी आहेत. म्हणजे ओढ्याच्या दोन्ही अंगांस वारसा एकच. चुलत्यांच्या जमिनीला मुलीचे नाव लागले, तेव्हा याच वडीलधाऱ्यांनी हूं की चूं केले नाही. जमिनीपुरती ती कुळीतली, विस्तवापुरती परकी.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी बोलता येते. जमीन जिवंतांसाठी असते, विधी मृतासाठी; आणि चुलते स्वतः जुन्या वळणाचे होते. मडके पुतण्याने धरावे, असेच कदाचित त्यांच्या मनात असेल. पण त्यांनी तसे कधी म्हटले नाही, आणि त्यांच्या मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकार आम्ही पुरुषांनी परस्पर घेतला. पक्षकाराच्या मौनावर मी कोर्टात कधी हक्क उभारू दिला नसता. येथे माझ्याच लाभाचा प्रश्न होता. लाभ मानाचा, एवढेच.

यंदाच्या श्राद्धाला मी तिला म्हणालो, “तर्पण तू कर.” पाटावरील दर्भ सारखे करीत ती म्हणाली, “आता तुम्हीच करा, दादा.” हा होकार की ठपका, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.