सैनिकाची झोप



रात्री कुटुंबात प्रार्थना करून, दिवसाचे ओझे प्रभूच्या चरणी ठेवून आपण झोपी जातो. झोपलेला माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही. म्हणून झोप हेही विश्वासाचेच एक कृत्य आहे. युद्धावरून परतलेल्या अनेक सैनिकांना नेमके हेच जमत नाही. रणांगणावर डोळा लागणे जिवावर बेतते. शरीराला जडलेली ती सवय घरी आल्यावरही सुटत नाही. दारे-खिडक्या पुन्हा पुन्हा तपासल्या जातात, आणि डोळा लागलाच तर युद्धाची तीच स्वप्ने पडतात.

पहिल्या महायुद्धात पलायन आणि भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटनने आपल्याच सुमारे ३०० सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले काही मनाने खचलेले होते. २००६ साली त्यांना मरणोत्तर माफी मिळाली. दरम्यान व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी या दुखण्याला आजार म्हणून मान्यता दिली.

आज त्यावर उपचार आहेत. सैनिक तज्ज्ञापुढे तो भयंकर प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो आणि हळूहळू आठवणीची धार बोथट होते. मात्र भीती कमी झाली तरी झोप परतेलच असे नाही. तिच्यासाठी वेगळे उपचार करावे लागतात: उठण्याची वेळ ठरलेली ठेवणे, झोप आली तरच अंथरुणावर जाणे. असे उपचार घेणे म्हणजे विश्वासात कमी पडणे नव्हे. थकून मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले आणि उठवून खाऊ घातले.

पण एक प्रश्न उरतो. भीती हा आजार असेल, तर पश्चात्तापही आजारच का? ‘मित्र मेला, मी का वाचलो?’ ही टोचणी पाप नाही. ती दूर व्हायला हवी. परंतु ‘माझ्या हातून माणूस मेला’ हे सत्य असेल, तर ते गोळीने कसे पुसणार? जोनाथन शे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी अशा घावाला नैतिक जखम म्हटले आहे.

ख्रिस्तसभेला ही जखम जुनीच ठाऊक आहे. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मंडीच्या बिशपांनी जिंकलेल्या, आपल्याच बाजूच्या सैनिकांना प्रायश्चित्त सांगितले: ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. आज ते कठोर वाटेल. पण त्यात एक करुणा होती. ‘तू शूर आहेस, विसरून जा’ असे कोणी म्हटले नाही. ओझे खरे आहे हे मान्य केले आणि ते उतरवायची वाटही दाखवली.

सैनिकाला युद्धावर समाज पाठवतो. मग त्याच्या रात्रीची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या पत्नीवर आणि डॉक्टरांवर टाकून कसे चालेल? आपल्या ओळखीत कोणी निवृत्त जवान असेल, तर पराक्रमाच्या गोष्टी विचारण्याआधी त्याची झोप कशी आहे, हे विचारू या. तो बोलला तर मध्ये न बोलता ऐकू या. उपचारांची गरज असेल तर डॉक्टरांकडे आणि मनावर ओझे असेल तर धर्मगुरूंकडे जाताना त्याला सोबत करू या.