तारीख पुढे गेली की

गर्भपिशवीला गाठी आहेत म्हणून शस्त्रक्रिया ठरते. तारीख मिळते. मुलांच्या डब्याची, रजेची, बहिणीला बोलावून घेण्याची जुळवाजुळव होते आणि ऐन वेळी कळतं की हिमोग्लोबिन कमी आहे, भूलतज्ज्ञ फिटनेस देणार नाहीत. गाठींमुळे अंगावरून जास्त जातं, त्यामुळे रक्त कमी होतं आणि रक्त कमी म्हणून गाठी काढता येत नाहीत. लोहाच्या गोळ्या, शिरेतून लोह, कधी रक्ताची पिशवी, महिन्याने या. त्या महिन्यातही पाळी येतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा हा फेरा एखादुसरीच्याच वाट्याला येतो असं नाही. सरकारी रुग्णालय असेल तर आणखी कारणं असतात: तातडीचं सिझेरियन आलं, थिएटर रिकामं नाही, योजनेची मंजुरी अडकली.

या दिवसांत अशा बाईला सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘देवावर सोड’. म्हणणारे प्रेमानेच म्हणतात. पण देवावर नेमकं काय सोडायचं, हा प्रश्न जितका धर्माचा तितकाच केसपेपरच्या खिडकीचाही आहे.

वाट पाहण्याचा त्रास हा निव्वळ मनाचा खेळ नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली ४५ जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावरच्या दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना आलेल्या ताणापेक्षा, बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना आलेला ताण जास्त होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर स्तनाच्या बायोप्सीनंतर निदान अधांतरी राहिलेल्या बायकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, कर्करोग असल्याचं कळलेल्या बायकांसारखंच बिघडलेलं दिसलं.

बुद्धांनी सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आकांताचा. शहाणा माणूस दुसरा लागू देत नाही. दृष्टान्त मोलाचा आहे. पण तारखेसाठी ताटकळणाऱ्या बाईला तो ऐकवताना जरा जपून ऐकवावा. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढंच सांगून फोन ठेवला गेला, तर तो बाण तिने स्वतःवर मारून घेतलेला नसतो. गीतेतल्या तितिक्षेचंही तसंच. शीतोष्ण, सुखदुःख येतात नि जातात, ती सोस, असं दुसऱ्या अध्यायात सांगणारे श्रीकृष्ण त्याच अध्यायात अर्जुनाला उठून उभं राहायलाही सांगतात. आपल्याकडे बायकांना अध्यायाचा पहिला भाग तेवढा शिकवला जातो.

आणि देवावर सोडायचं म्हटलं तरी देवापाशी जायचं कसं? वीस-वीस दिवस रक्त जाणाऱ्या बाईला अनेक घरांत देवघराजवळ फिरकू देत नाहीत. ज्याच्या हवाली सगळं करायचं, त्याच्यापर्यंतची वाटच बंद. चौदाव्या शतकातल्या संत सोयराबाईने या विटाळाला थेट हात घातला होता: ज्यातून प्रत्येक देह घडतो तेच अपवित्र असेल, तर पवित्र देह उरतो कोणाचा? तिच्याविषयीची कथाही तशीच धीट आहे. सोयराबाई बाळंत होत असताना तिचे पती चोखोबा घरी नव्हते, तेव्हा विठ्ठल नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केलं. रक्ताला न शिवणारा देव या परंपरेतल्या सगळ्यांनाच मान्य होता असं नाही.

याच विठ्ठलाला पुंडलिकाने ताटकळत ठेवलं. मात्र आई-वडिलांची सेवा चालू आहे हे कारण त्याने सांगितलं आणि उभं राहायला वीटही दिली. बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात पुष्कळदा यातलं काहीच मिळत नाही.

उशीर म्हणजे अन्यायच, असंही म्हणता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या कित्येकींना थोडी वाट पाहायला लावून दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला मिळाला असता, तर बरंच झालं असतं. उलट पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर तपासणी लांबवू नये. अशा शंभर जणींमध्ये साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. बाकीच्या एक्क्याण्णव जणींचा जीव मात्र अहवाल हाती येईपर्यंत तितकाच टांगणीला लागतो.

‘काळजी करू नकोस’ हा सल्ला कितपत कामाचा? कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेनंतर निकालासाठी चार महिने थांबावं लागायचं. मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी त्या उमेदवारांचा अभ्यास केला, तेव्हा काळजी दाबण्याच्या बहुतेक युक्त्या फुकट गेलेल्या दिसल्या. उलट ज्यांनी ते महिने तळमळत काढले, त्यांनी वाईट निकाल अधिक नेटाने पेलला आणि चांगल्याचा आनंदही त्यांना जास्त झाला. पुढच्या एका अभ्यासात आठवड्यातून पंधरा मिनिटं ध्यान केल्याने थोडा उतार पडला. तिथे नामस्मरण कोणी तपासलं नव्हतं, पण जपमाळ घेऊन बसलेल्या सासूबाईंना याचं फारसं नवल वाटणार नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना साध्या गोष्टी विचारता येतात. हिमोग्लोबिन किती झालं की शस्त्रक्रियेला घेणार, तोवर रक्त जाणं कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखी गोळी चालेल का, तासाला एक पॅड भिजू लागलं किंवा चक्कर आली तर रात्री-अपरात्री कुठे यायचं. उत्तरं केसपेपरवर लिहून घ्यावीत. तिला विचारायला संकोच वाटत असेल, तर सोबत आलेल्या नवऱ्याने विचारावं. बहुधा तो बाहेर गेटपाशी मोबाइल घेऊन उभा असतो.