मामाच्या वळणावर

काशीत मराठी माणसाचा मोहल्ला कोणता म्हणून विचारले की बोट ब्रह्माघाटाकडे जाते. शेजारी दुर्गाघाट, त्याला लागून पंचगंगा, मधल्या गल्ल्यांत पेशवाईतल्या मातब्बरांचे वाडे. नाना फडणविसांचा वाडा आहे, आंग्र्यांचा वाडा आहे, दत्ताचे देऊळ आहे, गौड सारस्वतांचा काशी मठही इथलाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिळकांचे पाहून इथे सार्वजनिक गणपती बसू लागला आणि तो अजून बसतो. वरकरणी हा मोहल्ला म्हणजे एका ठशाची वस्ती: दशग्रंथी, शास्त्री, भिक्षुक, विधवा आणि विद्यार्थी. अशा वस्तीतून एकाच रंगाचे राजकारण बाहेर पडेल अशी आपली समजूत असते. कोणाच्याही राजकीय मताची चर्चा निघाली की आपण डोळे मिटून म्हणतो, ‘अहो, घरातच आहे ते त्यांच्या.’

काशीतल्या मराठी मंडळींकडे पाहिले की हे वाक्य लंगडे पडते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांत या शहराने चार मराठी माणसे घडवली किंवा घडताना पाहिली. बाबूराव विष्णु पराडकर, विनोबा भावे, शिवराम हरी राजगुरू आणि माधव सदाशिव गोळवलकर. चौघेही मराठी ब्राह्मण घरांतले. संस्कृत, व्रतवैकल्ये, गरिबी किंवा बेताची सांपत्तिक स्थिती, सगळे साधारण सारखेच. पण एक क्रांतिकारकांच्या वर्तुळातून राष्ट्रीय पत्रकारितेत गेला, एक गांधींकडे, एक फाशीच्या तख्ताकडे आणि एक राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकपदी. घराने मत दिले म्हणावे तर मग ही चार मते आली कुठून?

आधी थोडे मोहल्ल्याच्या पोटापाण्याविषयी बोलले पाहिजे, कारण मतांची चर्चा करताना आपण जेवणाचा विषय टाळतो. काशीतली मराठी विद्वत्ता पुणे, नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर इथून येणाऱ्या पैशावर उभी होती. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हा ओघ आटत गेला. काही पंडित कंपनी सरकारच्या संस्कृत कॉलेजात गेले. जोनाथन डंकनने ते 1791 मध्ये काढले होते. ज्योतिर्विद बापूदेवशास्त्री तिथेच नावाला चढले आणि सरकारी मानसन्मानही त्यांना मिळाले. पुढच्या पिढ्यांतले काही छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत शिरले. पराडकर, लक्ष्मण नारायण गर्दे, रा. र. खाडिलकर या काशीकर मराठी माणसांनी हिंदी पत्रकारितेत जे काम केले, त्यामागे देशभक्ती होती तशी वृत्ती बदलण्याची निकडही होती. दक्षिणा थांबल्यावर पगार शोधावा लागतो आणि पगार जिथे मिळतो तिथली माणसे रोज भेटतात.

पराडकरांचेच पाहा. 1883 मध्ये काशीत जन्म. वडील विष्णुशास्त्री संस्कृतचे पंडित, बिहारात शिक्षक. वडिलांच्या वळणाने गेले असते तर बाबूराव एखाद्या शाळेत संस्कृत शिकवत निवृत्त झाले असते. पण त्यांना एक मामा होता, आणि तो मामा म्हणजे सखाराम गणेश देऊस्कर. देवघरच्या परिसरात 1869 मध्ये जन्मलेला, बंगालीत लिहिणारा मराठी माणूस. पाच वर्षांचा असताना आई गेली. विधवा आत्याने वाढवले आणि तिला मराठी ग्रंथांची गोडी होती. देवघरला राजनारायण बसूंसारख्यांचा सहवास मिळाला. शाळेत मास्तरकी करत असताना मॅजिस्ट्रेटविरुद्ध लिहिले म्हणून नोकरी गेली, तेव्हा कलकत्त्याला ‘हितवादी’त मुद्रितशोधक म्हणून लागला आणि संपादकपदापर्यंत पोचला. 1904 मध्ये त्याचे ‘देशेर कथा’ निघाले. इंग्रजी राजवटीत देश कसा नागवला गेला त्याचा आकडेवार हिशेब त्यात होता. 1910 मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यात त्याचा वाटा मोठा. रवींद्रनाथांची शिवाजी उत्सवावरची कविता त्याच्याच पुस्तिकेसाठी लिहिलेली. सुरत काँग्रेस फुटल्यावर मालकांनी टिळकांविरुद्ध लिहायला सांगितले, तेव्हा त्याने राजीनामा दिला.

हा मामा कलकत्त्यात नसता तर पराडकर तिथे गेले असते का, आणि गेले असते तरी क्रांतिकारकांच्या ओळखी झाल्या असत्या का, मला शंका आहे. 1906 मध्ये ते हिंदी वर्तमानपत्रात लागले, मामाच्या पुस्तकाचे हिंदी भाषांतर केले, 1916 मध्ये क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून पकडले गेले आणि 1920 पर्यंत स्थानबद्ध राहिले. सुटल्यावर काशीला आले आणि त्याच वर्षी 5 सप्टेंबरला सुरू झालेल्या शिवप्रसाद गुप्तांच्या ‘आज’ या दैनिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. 1930 मध्ये सरकारने छापखान्यांचा गळा आवळला तेव्हा ‘रणभेरी’ हे चोरटे पत्र काशीच्या गल्ल्यांतून निघाले, त्यामागेही ते होते.

मराठीत एखादे पोर ‘मामाच्या वळणावर गेले’ म्हणतात ते नाकाडोळ्यांपुरते. राजकारणातही ते बरेच खरे असावे. बाप घरात असतो, शिस्त लावतो, त्याच्याशी खटके उडतात. मामा, आत्या, थोरला भाऊ ही माणसे दुसऱ्या गावाची दारे उघडतात. घरातून वारशाने येते ते बहुधा असे ओळखीचे दार. मत पुढे त्या दारापलीकडे जमते. आणि देऊस्करांच्या आत्यासारख्या बायका या साखळीत किती असतील! आपले चरित्रकार मात्र वडिलांचे शिक्षण आणि हुद्दा सविस्तर देतात आणि आत्या एका वाक्यात उरकतात.

विनोबांची गोष्ट याहून बारीक आहे. मार्च 1916 मध्ये वीस वर्षांचा हा मुलगा इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीला निघून आला. गंगेकाठी एक खोली, दुपारी अन्नछत्रात जेवण. तिथे जेवणाबरोबर दोन पैसे दक्षिणा मिळे. त्यात संध्याकाळचे दही आणि रताळी होत. बरोबर आलेला एक मित्र इथेच वारला. विनोबांनी पुढे सांगितले आहे की तेव्हा मन दोन ठिकाणी ओढत होते, हिमालयाकडे आणि बंगालच्या क्रांतिकारकांकडे. काशी या दोन्ही वाटांच्या तिठ्यावरच होती. तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे रासबिहारी बोसांना भेटायला इथेच आला होता आणि नोव्हेंबर 1915 मध्ये लाहोरला फासावर गेला होता. बनारस कटाचा खटला नुकताच गाजला होता.

विनोबा या दोन्ही वाटांनी गेले नाहीत. त्याच वर्षी 6 फेब्रुवारीला हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधी बोलले होते. समोर बसलेल्या संस्थानिकांच्या दागिन्यांवर बोलले, विश्वनाथाच्या गल्लीतल्या घाणीवर बोलले, बॉम्बवाल्यांच्या देशप्रेमाला मान देऊन त्यांची वाट चुकीची म्हणाले. बेझंटबाईंनी मध्येच थांबवले. त्या भाषणाचा वृत्तांत विनोबांनी वर्तमानपत्रात वाचला, गांधींना पत्रे लिहिली आणि 7 जूनला ते कोचरबच्या आश्रमात पोचले. गांधी भाजी चिरत होते; त्यांनी चाकू याच्याही हातात दिला. विनोबांची आई भाविक, वडील विज्ञानाच्या वळणाचे, गागोद्याचे आजोबा शिवाशिव न मानणारे. या तिन्ही गोष्टी विनोबांत शोधता येतात. पण अन्नछत्रात जेवणाऱ्या मुलाच्या हाती नेमके ते वर्तमानपत्र पडले नसते, तर याच आईबापांचा मुलगा हिमालयात किंवा कटात सापडला असता, आणि त्याचेही मूळ आपण आईच्या अभंगांत शोधले असते. धाकटे बाळकोबा आणि शिवाजी यांना हा प्रश्न पडला नाही. त्यांचे दार थोरल्या भावाने उघडून ठेवले होते.

गोळवलकरांचे उदाहरण म्हणूनच विनोबांच्या शेजारी ठेवून पाहावे. तेही संन्यासाच्या ओढीचे. 1924 मध्ये बनारसच्या विश्वविद्यालयात आले, प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाले, पुढे 1933 पर्यंत तिथेच शिकवले. ‘गुरुजी’ हे नाव विद्यार्थ्यांनी तिथेच दिले. नागपूरहून आलेल्या भय्याजी दाणींमुळे संघाशी गाठ पडली. तरी मन निवले नाही म्हणून बंगालात सारगाछीला स्वामी अखंडानंदांकडे गेले. 1937 मध्ये स्वामी वारले, हे नागपूरला परतले आणि तीन वर्षांत सरसंघचालक झाले. दोघेही घर सोडून ब्रह्माच्या शोधात निघालेले; एकाला कोचरबला गांधी भेटले, दुसऱ्याला नागपुरात हेडगेवार. राजगुरूंचा तर घराशी धागा आणखी विरळ. वडील लहानपणीच गेलेले, थोरल्या भावाशी अभ्यासावरून बिनसलेले. खेडहून निघालेला पोरगा काशीत संस्कृत आणि व्यायाम शिकला, शाळेत कवायत शिकवू लागला आणि चंद्रशेखर आझादांच्या माणसांना भेटला. तेविसावे वर्ष पुरे होण्याआधीच तो फासावर गेला.

अमेरिकेत थिओडोर न्यूकम यांनी 1930च्या दशकात बेनिंग्टन कॉलेजातल्या मुलींचा अभ्यास केला होता. श्रीमंत, सनातनी घरांतल्या मुली कॉलेजच्या वातावरणात उदारमतवादी झाल्या. खरा शोध पंचवीस वर्षांनंतरचा आहे: बहुतेक जणी तशाच राहिल्या, कारण नवरे आणि मैत्रिणी त्यांनी त्याच मताच्या निवडल्या होत्या. वातावरण एकदा घडवते आणि मग माणूस आपले वातावरण स्वतः निवडत जातो. 1965 पासून जेनिंग्ज आणि निएमी यांनी आईबाप आणि मुले यांची मते ताडून पाहिली, तेव्हा पक्षनिष्ठा बरीचशी उतरते आणि बाकीच्या प्रश्नांवरची मते फारच कमी, असे दिसले. ब्रह्माघाटाला हे ऐकून आश्चर्य वाटू नये.

मग जी घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच मताची राहतात, त्यांचे काय? त्यांतली पुष्कळ आपला भूतकाळ निवडून घेतात. काशीचे भट्ट घराणे घ्या. मूळचे पैठणचे. नारायणभट्टांनी अकबराच्या काळात तोडरमलाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले. नातू कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला, शूद्रांच्या धर्मावर ‘शूद्रकमलाकर’ही लिहिला. पणतू गागाभट्टांनी 1674 मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. 22 जानेवारी 2024 रोजी अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेचे मुख्य आचार्य काशीचे लक्ष्मीकांत दीक्षित होते, तेव्हा त्यांचे नाते गागाभट्टांशी जोडून सांगितले गेले. तोडरमलाबरोबर काम करणाऱ्या नारायणभट्टांची आठवण त्या दिवशी कोणाला झाली नाही. घराण्यात दोघेही आहेत. कोणाला पूर्वज म्हणून बोलवायचे ते चालू काळ ठरवतो. पंचगंगेवरची मशीदही अशीच. बिंदुमाधवाचे देऊळ पाडून औरंगजेबाच्या काळात ती उभी राहिली, आणि तिच्या मिनारांना काशीकर हिंदू ‘माधोराय का धरहरा’ म्हणत आले. त्याच भिंतीखाली वाढलेल्या एका मुलाला जखम दिसते, दुसऱ्याला शेजार. त्याच पायऱ्यांवर रामानंदांनी कबिराला मंत्र दिल्याची कथाही सांगतात.

इथवर मी ‘तेच वातावरण’ असे मोघम म्हणत आलो. पण ते सगळ्यांना तेच नव्हते. गोळवलकर ज्या विश्वविद्यालयात शिकले, तिथेच साधारण त्याच काळात संस्थापक मालवीयांच्या सांगण्यावरून बिहारचा एक दलित विद्यार्थी आला होता: जगजीवन राम. वसतिगृहात त्याला जेवण वाढायला नकार मिळाला, गावातले न्हावी केस कापेनात. तो कलकत्त्याला निघून गेला. ज्या काशीत मराठी ब्राह्मण मुलाला परक्या गावी पहिल्याच दिवशी पानावर बसता येत होते, तिथे याला पैसे देऊनही ताट मिळेना. आपले चौघे एकमेकांपासून कितीही दूर गेले, तरी निघाले होते ते पंगतीत जागा असलेल्या घरांतून. मतभेदाची चैनही त्या जागेमुळे परवडते.

पंगतीचा हा वारसा मतांपेक्षा चिवट आहे. घरात जे मोठ्याने बोलले जाते त्यावर मुलगा वाद घालतो, उलट जातो. कोणाला कुठे बसवायचे हे कोणी बोलत नाही, म्हणून त्यावर वादही होत नाही. विनोबांनी हा वारसा मोडला, आणि त्याची किंमत 1953 मध्ये देऊस्करांच्या देवघरात मोजली. हरिजनांना घेऊन वैद्यनाथाच्या देवळात गेले तेव्हा पंड्यांनी त्यांना मारहाण केली. गोळवलकरांनी 1969 मध्ये ‘नवाकाळ’च्या मुलाखतीत चातुर्वर्ण्याची बाजू घेतली आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला.

जानेवारी 1978 मध्ये जगजीवन राम पुन्हा काशीत आले, देशाचे संरक्षणमंत्री म्हणून. संस्कृत विश्वविद्यालयात त्यांनी माजी मुख्यमंत्री संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण केले. ते गेल्यावर पुतळा गंगाजलाने धुण्यात आला. धुणाऱ्यांत निरनिराळ्या पक्षांना मत देणाऱ्या घरांतली मुले असतील. यांतल्या एकाच्याही वडिलांनी त्याला असे करायला सांगितले असेल, असे मला वाटत नाही. सांगावे लागतच नव्हते.